श्यामची आई कानडी बोलू लागते तेव्हा...

‘श्यामची आई’ ठाऊक नाही असं मराठी घर शोधूनही सापडायचं नाही. कुणी ते पुस्तक वाचलेलं असतं, कुणी आजीच्या तोंडून ऐकलेलं असतं, तर कुणी आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा चित्रपट पाहून डोळे पुसलेले असतात. त्याच चित्रपटाला १९५४ साली पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, हेही आपण अभिमानानं सांगतो. पण हे पुस्तक लिहिलं कुठे गेलं, असं विचारून पाहा. बरेच जण क्षणभर गप्प होतात. पालगडला? अमळनेरला? नाही. ते लिहिलं गेलं नाशिकच्या तुरुंगात!

९ फेब्रुवारी १९३३ला साने गुरुजी लिहायला बसले आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे त्यांनी लेखणी खाली ठेवली. जेमतेम पाच दिवस. आई जाऊन तेव्हा पंधरा वर्षं उलटून गेली होती. १९१७ साली ती गेली. बाहेर इंग्रजांचं राज्य, आत गजांची खोली आणि या राजकीय कैद्याला आठवत काय होतं? तर आईनं भरवलेला घास, तिनं दिलेला मार आणि तिनं पुसलेले पाय!

मला या गोष्टीचं नेहमी नवल वाटत आलं आहे. माझं माहेर खानदेशातलं. आमच्या भागात साने गुरुजी म्हणजे नुसते पाठ्यपुस्तकातले लेखक नव्हेत. ते ‘आपले गुरुजी’. १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहाचं कामही त्यांच्याकडे होतं. मुलं शाळेत गेली की त्यांच्या खोल्या झाडायच्या, विस्कटलेले कपडे आवरायचे, मळलेले धुवायचे, असा त्यांचा शिरस्ता. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं दैनिक स्वतःच्या हातानं लिहून काढत. १९३०मध्ये सविनय कायदेभंगाची हाक आली आणि गुरुजींनी नोकरी सोडली. मुलांना सोडताना जीव तुटला असेल. पण गेले.

लग्न होऊन मी बंगळूरला आले त्याला तीस वर्षं उलटून गेली. येताना ट्रंकेत साड्यांच्या घडीत ‘श्यामची आई’ होतीच. परमुलखात आपली भाषा घरात टिकवायची तर हे पुस्तक हवं, असा आईचा हिशेब. तिचं चुकलं नाही. पण या पुस्तकामागच्या माणसानं भाषेबद्दल आणखीही काही सांगून ठेवलं आहे, ते मला इथे, या शहरात कळलं. आणि ते कळायला एक वाईट दिवस यावा लागला.

तो दिवस होता १२ सप्टेंबर २०१६. कावेरीचं पाणी तमिळनाडूला सोडण्याच्या न्यायालयाच्या आदेशावरून वातावरण तापलेलं होतंच. त्या दिवशी बंगळूरमध्ये त्याचा भडका उडाला. तमिळनाडूच्या नंबरप्लेटच्या बसगाड्या पेटवल्या गेल्या, दुकानं पटापट बंद झाली, शाळांनी मुलांना लवकर घरी पाठवलं. गॅलरीतून पाहावं तर रस्ता रिकामा आणि दूर आकाशात धूर.

आमची इमारत तीन मजल्यांची. तळमजल्यावर घरमालकीण, कानडी अज्जी. मधल्या मजल्यावर आम्ही. वरच्या मजल्यावर मदुराईकडचं तमिळ कुटुंब. त्यांचा आठ वर्षांचा मुलगा आणि माझी सात वर्षांची नात, ही जोडगोळी. दोघांची खेळाची भाषा कानडी, भांडणाची इंग्रजी आणि रडण्याची ज्याची त्याची!

त्या संध्याकाळी तो मुलगा आमच्याकडे आला, पण एक शब्द बोलेना. पत्ते मांडले तरी खुणांनीच खेळे. नातीनं मला बाजूला ओढून विचारलं, “आजी, हा मुका का झालाय गं?” मग हळूहळू उलगडा झाला. त्याच्या आईनं त्याला बजावलं होतं, की आज जिन्यात, दारात, कुठेही तमिळ बोलायचं नाही. चुकून तोंडातून तमिळ शब्द निघू नये म्हणून त्या पोरानं बोलणंच बंद केलं होतं.

मला त्या आईचा राग आला नाही. कुठल्याही आईनं तेच केलं असतं. पण आठ वर्षांच्या पोराला स्वतःच्या आईच्या भाषेची भीती वाटावी? हे पाहून पोटात गलबललं. दोन्ही मुलं माझ्या तोंडाकडे पाहत होती. काहीतरी सांगायला हवं होतं. तेव्हा मला त्रिचनापल्लीचा तुरुंग आठवला.

वाचकहो, साने गुरुजींच्या आयुष्यातला हा भाग फारसा सांगितला जात नाही. १९३०च्या सत्याग्रहात शिक्षा झाल्यावर त्यांना आधी धुळ्याच्या तुरुंगात ठेवलं आणि नंतर थेट दक्षिणेत त्रिचनापल्लीला, म्हणजे आजच्या तिरुचिरापल्लीला धाडलं. तिथे निरनिराळ्या प्रांतांतले सत्याग्रही होते. एकाच देशासाठी तुरुंगात आलेले, एकाच ध्येयासाठी शिक्षा भोगणारे. पण शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं कळत नव्हतं! ही खंत गुरुजींच्या मनाला फार लागली. नुसती खंत करत ते बसले नाहीत. ते तमिळ शिकले. तिरुवळ्ळुवरांचा ‘कुरल’ हा तमिळ लोकांचा जीव की प्राण असलेला ग्रंथ. तो त्यांनी मराठीत आणला.

जरा विचार करा. सरकारनं माणसाला शिक्षा म्हणून घरापासून शेकडो मैल दूर नेलं. भाषा परकी, माणसं परकी. त्यानं त्या शिक्षेची शाळा करून टाकली! तिथे मास्तर कोण? तर बरोबरचे कैदी.

हे सगळं मी मुलांना कानडीत सांगितलं. माझं कानडी काही साहित्यिक नाही, भाजीबाजारातलं आहे. पण गोष्टीला तेवढं पुरतं. मुलगा ऐकत होता. मराठी आजोबा तुरुंगात जाऊन तमिळ शिकले, हे ऐकल्यावर त्याचा चेहरा बदलला. त्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं. “त्यांना तमिळ वाचता येत होतं?” “हो.” “मला अजून नीट येत नाही,” तो म्हणाला आणि हसला.

एवढ्यात खालच्या अज्जी कुलूप लावलंय ना, हे बघायला वर आल्या. दारातूनच त्यांनी सगळं ऐकलं असावं. त्या आत आल्या, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आपल्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये विचारलं, “साप्टिया?” जेवलास का? त्यांचा तो उच्चार ऐकून मुलगा असा काही खदखदून हसला, की नातही हसू लागली. मग अज्जी स्वतःच हसल्या. बाहेर धूर होता, पोलिसांच्या गाड्या फिरत होत्या, आणि आमच्या स्वयंपाकघरात तीन भाषांत हसणं चाललं होतं.

त्यानंतर आमच्याकडे रविवारी संध्याकाळी एक रिवाजच पडला. मी ‘श्यामची आई’मधली एक रात्र मराठीत वाचायची, मग कानडीत सांगायची. ऐकायला दोन्ही मुलं आणि खुर्ची ओढून बसलेल्या अज्जी. कधी मुलाची आईही येऊन दाराशी टेकायची.

अंघोळ झाल्यावर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्याम आईला पदर पसरायला लावतो, तो प्रसंग तुम्हाला आठवत असेल. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस, तसं मनालाही जप, असं आई त्याला समजावते. तो सांगताना ‘पदर’ या शब्दाशी मी अडले. अज्जी म्हणाल्या, “सेरगु.” दारातून मुलाची आई म्हणाली, “मुंदानै.” तिघींनी आपापला पदर हातात धरून पाहिला आणि पुढे कुणालाच काही समजावून सांगावं लागलं नाही. असेच कितीतरी शब्द निघाले. आपलं तूप ते कानडी ‘तुप्प’. आपले अण्णा, अप्पा आणि अक्का तर इथे गल्लोगल्ली भेटतात! मुलांना हा खेळच झाला. कुठला शब्द कुणाच्या घरात आहे, ते शोधायचं.

मोळी पडलेल्या म्हाताऱ्या महारणीची गोष्ट सांगितली, तेव्हा मात्र घरात शांतता पसरली. तिला शिवायचं नाही असं गाव म्हणतं आणि श्यामची आई श्यामला म्हणते, जा, तिची मोळी उचलून दे. अज्जी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माझ्या आईला हे सुचलं नसतं. मलाही सुचलं नसतं.” वयाच्या त्या टप्प्यावर एवढं सरळ बोलायला धैर्य लागतं. त्यांच्याबद्दलचा आदर त्या दिवशी दुणावला.

नातीनं एकदा विचारलं, “आजी, तुरुंगात टाकलं तर गुरुजींना राग नाही आला?” प्रश्न मोठा मार्मिक होता. साने गुरुजी म्हणजे हळवे, रडके, मऊ, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. ती अर्धीच खरी. डोळ्यांत पटकन पाणी यायचं हे खरं, पण कणा पोलादाचा होता. ‘पत्री’ या त्यांच्या काव्यसंग्रहातल्या देशभक्तीच्या कवितांचा लोकांवरचा परिणाम पाहून सरकारला त्या पुस्तकाच्या प्रती जप्त कराव्या लागल्या. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली. ती आज आपण ‘गीता प्रवचने’ म्हणून वाचतो, ती ओघ चालू असताना कागदावर उतरवून घेतली गुरुजींनी. १९४२च्या चळवळीत ते भूमिगत राहून हिंडले. मे १९४७मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलाचं देऊळ हरिजनांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी उपोषण मांडलं, प्राण पणाला लावले आणि देऊळ उघडलं. ज्या आईनं मोळी उचलायला लावली, तिचाच मुलगा हा!

म्हणून नातीला मी सांगितलं, “राग आला होता. पण तो माणसांवर नव्हता, अन्यायावर होता. आणि रागाच्या हातात त्यांनी स्वतःची लेखणी दिली नाही.” मुलांसाठी लिहिताना तर नाहीच नाही. ‘गोड गोष्टी’मधून त्यांनी जगभरच्या कथा मराठी मुलांच्या ओंजळीत टाकल्या. पुतणी सुधाला लिहिलेली पत्रं तर आजही कुणाही मुलीला आपल्यालाच आली आहेत असं वाटावं, इतकी जिव्हाळ्याची.

आमच्या या रविवारच्या वाचनाची एकदा अज्जींनी आपल्या बाजूनं परतफेड केली. “तुमच्या गुरुजींसारखे आमचेही आहेत बरं का,” असं म्हणून त्यांनी द. रा. बेंद्रे यांचं नाव घेतलं. मला गंमत वाटली, कारण बेंद्रे जितके त्यांचे, तितकेच आपलेही! धारवाडच्या या कवीच्या घरात मराठी बोलली जायची आणि कविता उमलली कानडीत. ‘नरबलि’ या कवितेबद्दल इंग्रज सरकारनं त्यांना तुरुंग दाखवला. पुढे १९७३चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांच्या कानडी कवितेला मिळाला. त्यांचं टोपणनाव ठाऊक आहे? ‘अंबिकातनयदत्त’. अंबिकेचा मुलगा दत्त. मराठी बोलणाऱ्या आईचं नाव या मुलानं कानडी कवितेच्या कपाळावर कुंकवासारखं लावलं. श्यामच्या आईला हे नक्की आवडलं असतं.

आणि खुद्द बंगळूरचंच उदाहरण हवं असेल तर एस. एन. सुब्बाराव यांचं घ्या. जन्म १९२९चा, याच शहरातला. ९ ऑगस्ट १९४२, ‘चले जाव’चा दिवस. तेरा वर्षांचा हा शाळकरी पोरगा भिंतीवर इंग्रजांना ‘चालते व्हा’ म्हणून बजावणाऱ्या घोषणा लिहीत होता. पोलिसांनी त्याला पकडलं. तेरा वर्षांचा सत्याग्रही! पुढे हेच ‘भाईजी’ चंबळच्या खोऱ्यात काम करू लागले. १९७२मध्ये तिथल्या डाकूंनी जयप्रकाशजींपुढे शस्त्रं ठेवली, त्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. पण मला त्यांचं आणखी एक काम जास्त भावतं. देशभरातली मुलं-मुली एकत्र आणायची, शिबिरं भरवायची आणि सगळ्यांकडून सगळ्या भाषांतली गाणी म्हणून घ्यायची. तमिळ मुलानं मराठी गायचं, मराठी मुलीनं आसामी. ‘भारत की संतान’ हा त्यांचा कार्यक्रम अनेकांनी पाहिला असेल. २०२१ साली ते गेले. तोवर गळ्यातलं गाणं थांबलं नव्हतं.

पाहा हं, तिघंही इंग्रजांच्या तुरुंगाचे आणि पोलिसांचे पाहुणे. तिघांनाही द्वेष शिकायला पुरेसं कारण होतं. तिघंही शिकले ते शेजाऱ्याचं बोलणं.

त्रिचनापल्लीत रुजलेलं ते बी गुरुजींनी शेवटपर्यंत जपलं. १९४९च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली. रवींद्रनाथांनी विश्वभारती उभारली, जगाला एका अंगणात बोलावलं. पण आधी आपल्याच देशातल्या भाषा एकमेकींच्या घरी जाऊ-येऊ लागल्या पाहिजेत, असं गुरुजींचं म्हणणं. वेगवेगळ्या प्रांतांतल्या लोकांनी एकत्र राहावं, एकमेकांच्या भाषा आणि साहित्य शिकावं, अशी संस्था त्यांना काढायची होती. त्यासाठी ते पैसे गोळा करत हिंडले. ते स्वप्न पुरं व्हायच्या आतच, ११ जून १९५० रोजी, त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली. एवढं प्रेम वाटणाऱ्या माणसाच्या मनात शेवटी किती काळोख दाटला असेल, याचा अंदाज बाहेरून कुणी बांधू नये. पुढे त्यांच्या माणसांनी आंतरभारतीचं काम हाती घेतलं. रायगड जिल्ह्यात माणगावजवळ वडघरला त्यांचं राष्ट्रीय स्मारकही उभं राहिलं.

हे आज सांगण्याचं कारण? कारण वेळ कुणावरही येते. डिसेंबर २०२२मध्ये सीमाप्रश्न पुन्हा तापला. बेळगावजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड आले, पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं गेलं. त्या आठवड्यात मी बंगळूरच्या सिटी बसमध्ये होते आणि पुण्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला. “हॅलो” म्हणताना माझा आवाज आपोआप खाली गेला. कुणी काही म्हटलं नव्हतं. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. पण वरच्या मजल्यावरच्या त्या आईला सहा वर्षांपूर्वी काय वाटलं होतं, ते त्या क्षणी माझ्या घशाला कळलं.

आपली भाषा टिकवणं म्हणजे दारं-खिडक्या लावून घेणं, असं परमुलखातल्या पुष्कळ मराठी मंडळींना वाटतं. मला ते पटत नाही. आमच्या घरात उलटच घडलं. इतरांना सांगायचं म्हणून नातीनं मराठी नीट ऐकलं, शब्द विचारले, पुढे स्वतः वाचायला घेतलं. आता ती सोळा वर्षांची आहे, गुरुजींची पत्रं अडखळत का होईना, मराठीतून वाचते. वरचं कुटुंब बदली होऊन कोइमतूरला गेलं. अज्जी आता नाहीत. त्यांची खुर्ची मात्र त्यांच्या सुनेनं आमच्याकडेच ठेवली आहे.

मैत्रिणींनो, घरोघरी मुलांना इंग्रजी पुस्तकं आणून देताना आपण हात आखडत नाही. ‘श्यामची आई’चं शांता गोखले यांनी केलेलं इंग्रजी भाषांतरही २०२१मध्ये आलं आहे, तेही जरूर द्या. पण आठवड्यातून एक संध्याकाळ मराठी पुस्तक मोठ्यानं वाचा, आणि शेजारच्या मुलांनाही बोलवा. ती गुजराती असोत, तेलुगू असोत, हिंदी असोत. त्यांच्या आयांना विचारा, तुमच्याकडे पदराला काय म्हणतात? बाकीचं आपोआप होतं.

साने गुरुजींना शेजाऱ्याची भाषा शिकायला तुरुंगात जावं लागलं. आपल्याला तर फक्त एक जिना उतरायचा असतो.